पाठीमागे ठेवलेले हात

मुख्याध्यापकांनी बोलावल्याचा निरोप आला तेव्हा मी सातवी 'ब'च्या फळ्यावर तांब्या काढत होते. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत मी इतके तांबे काढले आहेत की डोळे मिटूनही त्याची उजवी बाजू डावीसारखी येते. अर्धवट तांब्या फळ्यावर सोडून मी खाली गेले.

"बाई, तालुक्यातल्या कलाशिक्षकांचं शिबिर आहे. आपल्या शाळेतून तुम्ही बोलायचंय. वीस मिनिटं," असं म्हणून सरांनी एक कागद पुढे सरकवला. विषय होता, 'समकालीन प्रेरणादायी चित्रकार व ग्राफिक कलावंत'.

"समकालीन म्हणजे नेमके कोण, सर?"

"जिवंत," सर म्हणाले. मग थोडा विचार करून म्हणाले, "शक्यतो."

इथेच माझी पंचाईत झाली. मी ज्यांना आधुनिक समजत होते ते सगळे चित्रकार मी कला महाविद्यालयात असतानाच वारले होते. त्यानंतर जगात कोणी चित्रं काढत असेल, अशी शंकासुद्धा मला आली नव्हती. नोकरी लागल्यावर माझं कलाविश्व म्हणजे तांब्या, वांगं, दोन केळी आणि मागे सोडलेला पडदा. शिवाय 'जत्रा' आणि 'पाणवठा' या विषयांवरची स्मरणचित्रं. भिवंडीत पाणवठा कुणी पाहिलेला नाही. माझे विद्यार्थी टँकर ओळखतात. तरी दर वर्षी आम्ही पाणवठा काढतो.

घरी येऊन मुलीला सांगितलं. ती भिवंडीजवळच्या पूर्णा गावात एका गोदामाच्या ऑफिसात काम करते, दिवसभर कॉम्प्युटरवर माल कुठून कुठे गेला ते बघते. तिने माझा फोन हातात घेतला, कसलंसं अ‍ॅप उतरवून घेतलं आणि म्हणाली, "आई, हे बघ. इथे बोट वर सरकवायचं. चित्रं संपत नाहीत."

खरंच संपली नाहीत. पहिले चार दिवस मी मोकळ्या तासाला स्टाफरूममध्ये बसून बोट सरकवत होते. कुठल्याशा थंड देशातली एक बाई फक्त वाळत घातलेले कपडे काढते. एक जपानी गृहस्थ आपल्या गल्लीतली दुकानं काढतो, दिवसाला एक, आणि दुकानदार कधीच काढत नाही. केरळातली एक मुलगी बाजारातल्या मासळीची अशी चित्रं काढते की मासे आपल्याकडेच बघून नाराज झाल्यासारखे वाटतात. कुणी फक्त दोन रंगांत पुस्तकांची मुखपृष्ठं करतो आणि त्या दोनांत मला सात दिसतात. मी भारावून गेले, हे खरं. पण त्याच्या आधी मला त्यांचा राग आला, हेही तितकंच खरं. ही सगळी माणसं माझ्याहून लहान होती आणि त्यांच्यापैकी एकानेही तांब्या काढला नव्हता.

शिवाय त्यांच्या खोल्या. प्रत्येकाचं टेबल पांढरं, टेबलाला खिडकी, खिडकीत कुंडी आणि कुंडीशेजारी मांजर. प्रेरणेसाठी मांजर लागत असावं असं माझं मत होऊ लागलं. आमचं घर पहिल्या मजल्यावर आहे आणि खाली चोवीस लूम आहेत. जेवणाच्या टेबलावर कागद ठेवून मी सरळ रेघ मारायला घेतली की ती खटखटीने आपोआप नागमोडी येते. लाइट गेली की लूम थांबतात आणि रेघ सरळ येते, पण मग ती दिसत नाही.

कपडे काढणाऱ्या त्या बाईला मी पत्र लिहिलं. इंग्रजी मुलीने तपासून दिलं. आपली चित्रं पाहून मला पुन्हा चित्रकलेवर विश्वास बसला वगैरे. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. उत्तरात एक लाल बदाम होता. बाकी काही नाही.

"म्हणजे काय?" मी मुलीला विचारलं.

"म्हणजे तिला आवडलं."

"काय आवडलं? पत्र, की मी?"

"आई, तो बदाम आहे. एवढा विचार नाही करायचा."

मी दोन दिवस विचार केला. नवरा म्हणाला, "पंचवीस वर्षांत मी तुला एवढंही पाठवलं नाही, आणि तुझं कधी काही अडलं नाही."

शिबिराला दहा दिवस उरले असताना मला ती चित्रं दिसली. पहिल्या चित्रात एक बाई खोक्यांच्या थप्पीवर बसून भाकरी खात होती. बाईचा चेहरा लिंबाएवढा आणि हात सुपाएवढे. भाकरी त्या हातांत बिस्किटासारखी दिसत होती. दुसऱ्या चित्रात तेच हात चिकटपट्टी ओढत होते आणि सगळं गोदाम त्या पट्टीला लोंबकळत होतं. तिसऱ्यात एक कुत्रा होता. झोपलेल्या कुत्र्याच्या पाठीवर कुणीतरी बारकोडचं लेबल चिकटवलं होतं आणि तोच मोठा हात ते हळूच सोडवत होता. रंग जवळजवळ नव्हताच. पुठ्ठ्याचा तपकिरी, काळी जाड रेघ आणि कुठेतरी एखादा पांढरा ठिपका.

मी बोट सरकवायचं थांबवलं. तासाची घंटा झाली तेही कळलं नाही. त्या हातांत प्रमाण नव्हतं, सांधे नव्हते, शिकवता येईल असं काहीच नव्हतं. माझ्या विद्यार्थ्याने असा हात काढला असता तर मी लाल पेनने गोल केला असता. पण हे चुकलेले हात मला हलू देत नव्हते.

चित्रकार कुठली आहे ते लिहिलेलं नव्हतं, नावही टोपणनाव होतं. मी मनाशी ठरवून टाकलं की ही बहुतेक मेक्सिकोची असणार. इतकं चांगलं काहीतरी जवळ असणं मला शक्य वाटलं नाही. भाकरी खाणारी बाई मेक्सिकोत कशी, असा प्रश्न मला पडायला हवा होता. पण तिकडेही भाकरीसारखं काहीतरी खातात, असं मी वाचलं होतं.

संध्याकाळी मुलीला दाखवलं. तिने चहाचा कप खाली ठेवला आणि चित्र मोठं करून बघितलं. "हे आमच्या मागचं गेट आहे."

"कुठलं गेट?"

"आमच्या गोदामाचं. हा पत्रा असाच वाकलाय, ट्रकने मागे घेताना ठोकलाय. आणि हा कुत्रा मी ओळखते. सिक्युरिटीवाले त्याला साहेब म्हणतात."

अशा रीतीने मेक्सिको आमच्या घरापासून शेअर रिक्षाच्या अंतरावर आलं.

मग मी त्या चित्रकार बाईचं सगळं वाचून काढलं. एका ठिकाणी कुणीतरी तिला विचारलं होतं की तू हात एवढे मोठे का काढतेस. तिने मराठीत उत्तर दिलं होतं: 'भिवंडीच्या शाळेत आम्हाला शिकवलं होतं की हात जमत नसतील तर माणसाचे हात पाठीमागे ठेवायचे. मी आईचं चित्र काढायला घेतलं. आईचे हात पाठीमागे ठेवले तर समोर आईच उरेना.'

मी फोन उलटा करून टेबलावर ठेवला.

ते वाक्य माझं होतं. हात जमत नसतील तर पाठीमागे ठेवा, बाईमाणूस असेल तर पदराखाली घ्या, मुलगा असेल तर खिशात घाला. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेच्या आधी दर वर्षी मी हे सांगत आले. यामुळे मुलांचे गुण वाचतात. आमच्या शाळेच्या स्मरणचित्रांतल्या जत्रेत सगळी माणसं हात पाठीमागे बांधून हिंडतात, जणू सगळेच तपासणीला आलेत. निकाल मात्र चांगला लागतो.

मला फार वाईट वाटलं. आणि आता लिहायला हरकत नाही, त्या वाईट वाटण्याच्या खाली मला बारीकसा आनंदही झाला होता. एवढ्या मोठ्या कलाकाराच्या आयुष्यात मी होते. खलनायिका म्हणून का होईना, होते. शिबिरात हे सांगावं की नाही यावर मी बराच वेळ घालवला. सांगितलं तर कसं, उभ्याने की खुर्चीवरून, आवाज कुठे थोडा कापरा करावा, इथपर्यंत माझी तयारी झाली.

पण आधी जाऊन माफी मागायला हवी होती. मुलीने गेटवरच्या माणसाकडून पत्ता काढला. चित्रातली बाई त्याच गोदामात पॅकिंगला होती, दोन वर्षांपूर्वी काम सोडलं होतं आणि गोदामाच्या मागेच राहत होती. चित्रं तिची मुलगी काढते आणि ती आमच्याच शाळेत होती, हे गेटवर सगळ्यांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त मला.

रविवारी सकाळी मी मिठाईचा पुडा घेऊन निघाले. रिक्षावाल्याने मागे तिघांना बसवून मला म्हटलं, "मॅडम, थोडा दब के बैठो, एक और आएगा." माफीचं भाषण मनातल्या मनात म्हणत मी दबून बसले. पूर्णाला उतरले तेव्हा भाषण पाठ झालं होतं.

दोन गोदामांच्या मधल्या बोळात घर होतं. पूर्वी इथे त्यांचं भातशेत होतं, हे नंतर कळलं. दार उघडलं ते त्या हातांनीच. मी आधी हात बघितले, मग चेहरा. चित्रात होते तेवढे मोठे ते अर्थातच नव्हते, पण लहानही नव्हते. बोटं जाड, नखं आखूड, अंगठ्याच्या पेरावर चिकटपट्टीने घासून घासून आलेला गुळगुळीत चट्टा.

"कोन पायजे?"

"मी शाळेतून आले. तुमच्या मुलीच्या शाळेतली बाई."

"आता कशाला? तिची शाला कवाच सुटली," ती म्हणाली. मग पुडा बघून म्हणाली, "ये ना बाय, घरान ये."

मुलगी आतल्या खोलीत जमिनीवर बसली होती. तिशीची असेल, कापलेले केस, कोपरापर्यंत शाई. समोर खोक्यांचे कापलेले पुठ्ठे पसरलेले. खिडकी होती, पण तिच्या बाहेर तीन फुटांवर गोदामाची भिंत. मांजर कुठेही नव्हतं.

मी उभी राहूनच सुरू केलं. "तू मला ओळखलं नसशील. मी तुझी चित्रकलेची बाई. तू जे लिहिलंयस ते मी वाचलं. हातांबद्दल. मला तुझी..."

"बसा ना बाई," ती उठत म्हणाली. तिने माझ्याकडे नीट बघितलं, आठवायचा अगदी प्रामाणिक प्रयत्न केला. "पण मला चित्रकलेला बाई नव्हत्या. पी.टी.चे सर होते."

"असं कसं?"

"मी आठवीपुरतीच होते ना त्या शाळेत. तेव्हा बाई ड्युटीवर होत्या. जनगणना का मतदारयादी, काहीतरी. सर येऊन फळ्यावर सूचना लिहायचे आणि बाहेर व्हॉलीबॉलला जायचे."

मला आठवलं. ड्युटी आली की चित्रकलेची बाई आधी पाठवतात, कारण तिचा विषय बुडला तरी कुणाचं काही बुडत नाही. मी दारोदार फिरून घरात किती माणसं आहेत ते लिहीत होते आणि जाताना पी.टी.च्या सरांना एक कागद देऊन गेले होते. त्यावर सूचना क्रमाने लिहिल्या होत्या. त्यातली एक हातांची.

"ते वाक्य माझंच आहे," मी म्हणाले. माझ्या आवाजात थोडा हट्ट आला असावा. "सरांना मीच लिहून दिलं होतं."

"असेल," ती सहज म्हणाली. "पण बाई, ते सगळीकडेच सांगतात. माझी मैत्रीण कल्याणच्या शाळेत होती, तिलापण हेच सांगितलं होतं. तुम्ही कशाला मनाला लावून घेता?"

सत्तावीस वर्षांतला माझा एकमेव मोठा गुन्हा, तोही माझा एकटीचा नव्हता. पाठ केलेलं भाषण तसंच राहिलं. मी मिठाईचा पुडा तिच्या हातात दिला. तिने आभार मानले आणि तो आईकडे दिला.

चहा झाला. तिने काम दाखवलं. एका प्रकाशकासाठी लहान मुलांचं पुस्तक चाललं होतं, गोदामात राहणाऱ्या पालीचं. ती आधी खूप वेळ नुसती बघते, मग एका दमात रेघ मारते. चुकली तर पुठ्ठा उलटा करते. खोडत नाही. मी प्रश्न विचारत होते आणि ती उत्तरं देत होती, आणि आमच्या दोघींतली शिक्षिका कोण हे हळूहळू स्पष्ट होत होतं.

तेवढ्यात आई दारात येऊन बसली. "बाय, तू चित्रांची मॅडम हाय ना? मंग माझा एक चित्र काढ. ही माझं हात पावड्यासारखं काढते. लोकांना वाटंल, हिची आयस राकशीण हाय."

"आई!" मुलगी हसली.

"खोटा बोलतंय काय? साजरा काढ बाय. फोटोसारखा."

मला नाही म्हणता आलं नाही. मुलीने पुठ्ठा आणि शाईचं पेन पुढे केलं. आई मांडीवर हात ठेवून, मान ताठ करून बसली. समोर जिवंत माणूस बसवून मी शेवटचं चित्र कधी काढलं होतं, ते मला आठवेना. चेहरा चांगला जमला. केस, कपाळ, नाकातली चमकी, सगळं जागच्या जागी. मग मी हातांपाशी आले. आणि मी, जगभरच्या चित्रकारांनी भारावलेली, माफी मागायला आलेली बाई, माझं पेन कुठे चाललंय ते बघून थक्क झाले. ते पदराकडे वळत होतं.

मी त्याला परत आणलं. हात काढले. दहा बोटं आली, मोजून दहा. नाजूक, निमुळती, कॅलेंडरवरच्या देवीसारखी.

आईने पुठ्ठा लांब धरून बघितला. "ह्यो बेस हाय. बघ गं, अशी असतंय चित्रा."

मुलगी माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. "चेहरा छान आलाय, बाई," ती म्हणाली.

मी हेच वाक्य मुलांच्या वहीत लिहिते. बाकी सगळं बिघडलेलं असलं की लिहिते.

"हातांचं सांग," मी म्हणाले.

ती जरा घुटमळली. "तुम्ही समोर बघत नव्हतात. चेहरा बघून काढलात, हात आठवून काढलेत."

माणूस समोर तीन फुटांवर बसलेलं असताना मी स्मरणचित्र काढलं होतं.

शिबिराला ती येईल का, असं मी विचारलं. पालीचं पुस्तक द्यायचं होतं म्हणून ती नाही म्हणाली, पण सहा पुठ्ठे माझ्यासोबत दिले. शिबिरात तालुक्यातले कलाशिक्षक होते, पुढे सोफ्यावर शिक्षण खात्याचे साहेब होते. परदेशी मंडळी मी पडद्यावर दाखवली. वाळत घातलेल्या कपड्यांना टाळ्या पडल्या. जपानी दुकानांना त्याहून जास्त. मग मी पूर्णाचे पुठ्ठे वर धरले आणि सांगितलं की ही बाई इथून शेअर रिक्षाने जाण्याएवढ्या अंतरावर राहते. सभागृहातला उत्साह एकदम ओसरला.

"यांची ग्रेड कोणती?" साहेबांनी विचारलं.

"परीक्षा दिली नाही, सर."

"अच्छा," साहेब म्हणाले.

मागून एक शिक्षक उठले. "बाई, कल्पना चांगली आहे, पण हात चुकलेत ना? विद्यार्थ्यांना असं दाखवलं तर ते म्हणतील चालतं."

मी फक्त म्हणाले, "हातात घेऊन बघा," आणि पुठ्ठे पुढच्या रांगेत दिले. ते एका रांगेतून दुसऱ्या रांगेत गेले. काहींनी न बघता पुढे दिले. उठलेल्या त्या शिक्षकांनी मात्र कुत्र्याचा पुठ्ठा बराच वेळ स्वतःकडे ठेवला आणि चहाच्या वेळी माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "त्या क्लास घेतात का?" मला मिळालेल्या प्रमाणपत्रावर 'प्रेरणादायी चित्रकार' असं छापलं होतं आणि खाली माझं नाव. विषयाचं उरलेलं शीर्षक बहुधा जागेत मावलं नसावं. मी ते दुरुस्त करायला सांगितलं नाही.

त्या वर्षी मी वर्गात सांगितलं की हात लपवायचे नाहीत, येतील तसे काढा. मुलांनी काढले. कुणाचे दांडपट्ट्यासारखे, कुणाचे झाडूसारखे, एका मुलीच्या जत्रेतल्या फुगेवाल्याला तर सहा बोटं होती आणि प्रत्येक बोटाला एक फुगा. निकाल घसरला. मुख्याध्यापकांनी मला बोलावून काळजीने विचारलं, "बाई, तब्येत बरी आहे ना?"

आता मी एक रविवार सोडून पूर्णाला जाते. मुलगी तिच्या कामात असते. मी दारात आईसमोर बसते आणि तिचे हात काढते. ती कंटाळते, मध्येच उठून मासळी साफ करायला घेते, आणि ते मला बरंच पडतं, कारण हलणारे हात आठवून काढता येत नाहीत. तिला माझी नवी चित्रं अजिबात आवडत नाहीत. "पयलं बेस काढायचीस," ती म्हणते, "आता तुला हिची सवय लागली." तिसऱ्या महिन्यात मला एक हात बरा जमला. डावा.

उजव्याचं अजून चाललंय.